‘पैसे मिळाले’ यापलीकडे घरचं कुणी बोलत नाही

पत्र

ताई, सादर नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, वय 44. चौदा वर्षं मस्कतला एका बांधकाम कंपनीत प्लंबिंगचा फोरमन आहे. घरी आई, बायको आणि यंदा दहावीला गेलेला मुलगा. शेजारीच धाकटा भाऊ राहतो. इथे एका खोलीत आम्ही चौघं. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस येते, खोलीवर परतायला संध्याकाळचे सात वाजतात. उन्हाळ्यात पाइपाला हात लावता येत नाही. साहेब कधी दोन शब्द नीट बोलत नाही. शुक्रवारी मस्कतच्या रुवी भागात आपली मराठी माणसं भेटतात, पण तिथेही प्रत्येकाचं रडगाणंच, परतताना डोकं आणखी जड होतं. घरी फोन केला की ‘पैसे मिळाले’ किंवा ‘कधी पाठवताय’, एवढंच. मुलगा ‘हं’ म्हणतो आणि फोन आईकडे देतो. गेल्या वर्षी मला साखर निघाली, घरी सांगितलेलं नाही. आई मार्चमध्ये पडवीत घसरून पडली, ते मला महिन्याने गाववाल्याकडून कळलं. सुट्टीत गावी आलो की सगळं खटकतं, रस्ते, लाइट, तलाठ्याकडच्या फेऱ्या. बायको म्हणते, तुमची तिथेही तक्रार, इथेही तक्रार. भाऊ म्हणतो, शेजारची आंब्याची बाग विकायला निघाली आहे, पैसे पाठव, तुझ्या नावावर घेऊ. कधी वाटतं, सगळं सोडून कायमचं परत यावं. माझं काय चुकतंय?

(नाव देऊ नये.)

उत्तर

प्रिय भाऊ,

तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. बायको वैतागून बोलली म्हणून त्या खोट्या होत नाहीत. खेड, दापोली, गुहागर, राजापूर, कुठल्याही तालुक्यात वाडीवाडीत एखादं तरी घर असतं, ज्याचा कर्ता माणूस मस्कतला, दुबईला, कुवेतला नाहीतर दोहाला असतो. त्या घरांकडून आणि त्या माणसांकडून मला पत्रं येतात. ऊन, साहेब, खोलीतली गर्दी, पैशाची मागणी, गावाकडची तुंबलेली कामं, हे सगळ्यांत असतं. पण तुमच्या पत्रात दोन वाक्यं एकापाठोपाठ एक आली आहेत. तुम्हाला साखर निघाली, ती तुम्ही घरी सांगितली नाहीत. आई पडली, ते घरच्यांनी तुम्हाला कळवलं नाही. दुसऱ्या वाक्याचा तुम्हाला राग आला आहे. पहिल्याचं मात्र तुम्हाला काहीच वाटलेलं दिसत नाही. मला तुमच्या घराचं दुखणं नेमकं इथे दिसतं.

त्याकडे येतेच. आधी उन्हाचं आणि साहेबाचं थोडक्यात लिहिते. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. तुम्ही फोरमन आहात, म्हणजे तो पाळला जातो की नाही हे तुमच्या डोळ्यांदेखत ठरतं. हाताखालच्या पोरांसाठी त्या बाबतीत मागे हटू नका, आणि स्वतःसाठीही नका, कारण साखर असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं तर त्याला इतरांपेक्षा जास्त धोका असतो. साहेबाचा स्वभाव माझ्या किंवा तुमच्या लिहिण्याने बदलणार नाही. पण नोकरी बदलता येते. जानेवारी 2021 पासून ओमानमध्ये, करार पूर्ण केलेल्या माणसाला दुसरीकडे जाताना जुन्या मालकाचं एनओसी लागत नाही. तुम्हाला हे ठाऊक असेल. तरी विचारते, गेल्या दोन-तीन वर्षांत दुसरीकडे एक तरी अर्ज टाकलात का? टाकला नसेल तर साहेबाचा त्रास तुम्हाला पगाराच्या आणि सवयीच्या मानाने सोसण्यासारखा वाटतो आहे, असं मी धरते. त्यात काही वाईट नाही. मग शुक्रवारच्या बोलण्यातला निम्मा वेळ त्याला देऊ नका.

शुक्रवारची रुवीची भेट मात्र सोडू नका. आपल्या भाषेत बोलायला मिळणं ही परदेशात अन्नापाण्याइतकी गरज आहे. फक्त तिथे साखरेबद्दल बोला. तुमच्या वयाचे, रात्री उशिरा जेवणारे एवढे पुरुष एकत्र जमतात, त्यात हा आजार असलेले तुम्ही एकटेच असाल असं मला वाटत नाही. कुठल्या दवाखान्यात जायचं, कंपनीच्या विम्यात कुठली तपासणी बसते, गोळ्या भारतातून आणायच्या तर सोबत डॉक्टरची चिठ्ठी कशी ठेवायची, हे तिथलाच माणूस सांगू शकतो. आणि खोलीत चौघांचं जेवण कोण रांधतं, काय रांधतं, तेही बघा. रोज भाताचा डोंगर आणि बटाट्याचा रस्सा असेल तर आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मुगाची उसळ करा. मत्रहच्या बाजारात सुरमई-बांगड्याला तोटा नाही. तळण्यापेक्षा कालवण करा, तिरफळं घरून मागवा.

आता मूळ गोष्ट.

घरच्यांना तुमच्याबद्दल काय माहीत आहे, हे एकदा त्यांच्या बाजूने बघा. सुट्टीला येता तेव्हा दोन मोठ्या बॅगा येतात. अत्तर, बदाम, दुधाची पावडर, चॉकलेटं, जाड ब्लँकेट, एखादा फोन. वाडीत सगळ्यांना काही ना काही मिळतं. फोनवर फोटो येतात ते मत्रहच्या समुद्राकाठचे, मोठ्या मशिदीचे, मॉलचे. अंगात इस्त्रीचा शर्ट. चार पलंगांची खोली त्यांनी कधी पाहिली आहे का? पहाटेची बस? संडाससाठी लागणारी रांग? एक खरा महिना त्यांना दिसला नाही. ‘कसे आहात’ या प्रश्नाला तुमचं उत्तर चौदा वर्षं एकच असणार, ‘मस्त, मजेत, काळजी करू नका.’ मजेत असलेल्या माणसाला मग पुढे काय विचारायचं? पैसे मिळाले की नाही, हेच उरतं. तुम्हाला कुणी विचारत नाही याचं कारण त्यांची माया आटली हे नाही. विचारण्यासारखं काही तुम्ही त्यांच्या हाती दिलंच नाहीत.

हे कठोर वाटेल, पण मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या पुरुषांची ही जुनी सवय आहे. मुंबईच्या गिरणीत असोत, बोटीवर असोत नाहीतर आखातात, घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून बरंच तेवढं सांगायचं, वाईट गिळायचं. त्यामागे प्रेमच असतं. माझे यजमान बोटीवर होते. त्यांची पत्रं महिन्या-दीड महिन्याने यायची, पण त्या पत्रांत इंजिनरूमची उष्णता असायची, कुणाशी भांडण झालं ते असायचं, वादळात तीन दिवस जेवण पोटात ठरलं नाही तेही असायचं. माझ्या मुलांना बाप कुठे आहे आणि काय करतो हे नकाशावर बोट ठेवून सांगता यायचं. ते घरी आले की मुलं त्यांना परकं मानत नसत. आज तुमच्या खिशात चित्र दाखवणारा फोन आहे आणि मुलगा ‘हं’ म्हणून फोन देऊन टाकतो.

त्या मुलापासून सुरुवात करा. तुमचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तुम्ही सातला खोलीवर पोचून, आंघोळ-जेवण करून साडेआठला फोन करता तेव्हा इथे दहा वाजलेले असतात. दहावीचा मुलगा पुस्तकावर पेंगत असतो, बायकोची झाकपाक चाललेली असते, आई झोपलेली असते. त्या वेळी कुणाकडून काय गप्पा होणार? तुमची बस पावणेसहाला येते, तेव्हा इथे सव्वासात झालेले असतात. मुलगा अंघोळ करून चहा घेत असेल. बसची वाट बघताना पाच मिनिटं त्याला व्हिडिओ कॉल करा. ओमानमध्ये जे अॅप नीट चालतं ते घरच्या फोनमध्ये घालून घ्या. ‘अभ्यास झाला का, किती मार्क पडले’ हे विचारू नका, ते विचारायला शाळा आहे, आई आहे. तुम्ही काय करता ते त्याला सांगा. दहा मजल्यांच्या इमारतीत वरच्या नळाला पाण्याचा दाब कसा देतात, खालचा पाइप फुटू नये म्हणून काय करतात, एक सांधा गळला तर तो कसा शोधता. दहावीच्या मुलाला हे कळतं, आणि आपला बाप हुशार माणूस आहे हे त्याला पुस्तकाबाहेर पहिल्यांदा कळेल. बसमध्ये शेजारी बसणारा बिहारी, पाकिस्तानी, मल्याळी माणूस दाखवा. खोली दाखवा. पसारा असेल तर असू दे.

साखरेचं बायकोला सांगा. आईला नंतर. फोनवर सहज बोलता बोलता सांगू नका. तपासणीचे कागद पाठवा, आकडे पाठवा, कुठली गोळी चालू आहे ते लिहा. ‘काही विशेष नाही’ हे शब्द वापरू नका, कारण तिला ते लगेच कळतात. ती चिडेल. वर्षभर लपवलंत म्हणून चिडेल, आणि ते तिने चिडावं असंच आहे. तो राग ऐकून घ्या, मधे बोलू नका. मग तिच्याकडून एक गोष्ट ठरवून घ्या. दोन्हीकडचं कुठलंही आजारपण, पडणं, दवाखाना आठ दिवसांच्या आत एकमेकांना कळवायचं. आईच्या पडण्याचा जाब मात्र तिला विचारू नका. तिने तुमच्यासाठी तेच केलं जे तुम्ही तिच्यासाठी करत होता. सासूला उचलून रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते तिनेच नेलं असणार, आणि ते कुणाला न सांगता महिनाभर मनात ठेवलं. तिचीही एक खोली आहे, जी तुम्ही पाहिलेली नाही. तेवढं तिला म्हणा.

पैशाचं. बायकोला पगार नक्की किती आहे हे माहीत आहे का? मला येणाऱ्या पत्रांवरून सांगते, पुष्कळ घरांत नसतं. रियाल म्हटला की लोक दोनशेने गुणतात आणि थक्क होतात. जेवण, फोन, गोळ्या, मित्राला दिलेले, कुणाचे घेतलेले, ते वजा कुणी करत नाही. एक दिवस बसून तिला सगळं लिहून द्या. येतात किती, जातात किती, उरतात किती, कर्ज किती. त्यातून घरखर्चाचा एक आकडा आणि महिन्याची एक तारीख ठरवा, आणि ती रक्कम तिच्या खात्यात टाका. एकदा तारीख ठरली की ‘कधी पाठवताय’ हे वाक्य फोनवरून आपोआप जाईल. मग दुसरं बोलायला जागा होईल. नातेवाइकांनी मागितलं तर ‘घरी बोलून सांगतो’ म्हणा आणि खरंच घरी बोला. तिला नकार द्यायचा अधिकार द्या.

गावातल्या बँकेत तुमचं जुनं साधं बचत खातं असेल तर लक्षात घ्या, अनिवासी माणसाला ते तसंच चालवता येत नाही, एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. तिथून पाठवलेली तुमची शिल्लक एनआरई खात्यात ठेवा. त्या व्याजावर भारतात आयकर नाही आणि रक्कम हवी तेव्हा परत बाहेर नेता येते. तुमच्या कमाईची शिल्लक भावाच्या खात्यात ठेवू नका. भाऊ लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण पैशाने भाऊ वेगळे झालेली घरं इथे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीला दोघेही सरळच होते.

आता ती आंब्याची बाग. भाऊ, पैसे पाठवू नका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. परकीय चलनाच्या कायद्याने ते बंद आहे. वडिलार्जित शेतजमीन वारसाने मिळू शकते, ती ठेवता येते, त्याला अडचण नाही. घर, घराची बिनशेती जागा घेता येते. पण शेजारची कलमांची बाग ‘तुझ्या नावावर घेऊ’ हे होणारं नाही, आणि भावाच्या नावावर घेतली तर ती कागदावर त्याची. उद्या त्याच्या मुलांची. तुमचे रियाल त्यात होते हे सातबाऱ्यावर कुठेही लिहिलेलं नसेल. भावाला हे माहीत नसेल, त्याला वाईट वाटणार नाही अशा शब्दांत सांगा. त्याला कर्ज म्हणून मदत करायची असेल तर ती वेगळी गोष्ट, तिचा वेगळा कागद करा.

त्यापेक्षा जे तुमचं आहे ते आधी नीट लावा. वडील जाऊन किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तलाठ्याकडच्या फेऱ्या म्हणजे बहुधा वारस नोंदच अडली आहे. आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं असतात, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून मस्कतमध्ये बसून काढता येतो, तो आजच काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन भरता येतो. बायकोला किंवा भावाला तुमच्या वतीने कामं करायला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात सही-शिक्क्याने करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. ही मुदत चुकवू नका. आणि त्या पत्रात ठरावीक कामापुरतेच अधिकार द्या. ‘सर्व अधिकार’ हे दोन शब्द लिहिलेला कागद कुणालाही, अगदी सख्ख्यालाही देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

सुट्टीत गावी आल्यावर सगळं खटकतं, त्याबद्दल. रस्त्याची तक्रार तुमची शंभर टक्के बरोबर आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तेव्हा तुमचा मुलगा जेमतेम जन्मला होता. पण तो खड्डा तुमच्या वाट्याला वर्षातून दोनदा येतो. गुहागरहून चिपळूणच्या दवाखान्यात आईला नेणाऱ्या तुमच्या बायकोच्या वाट्याला त्या भागातले रस्ते बारा महिने येतात. तुम्ही ओट्यावर बसून ‘मस्कतला असं चालत नाही’ म्हणता तेव्हा तिला ऐकू येतं, की तू कशी काय या अशा जागी राहतेस. आणि तिला तिथे ठेवून गेलेले तुम्हीच असता. आल्यावर पहिला आठवडा घराचा आणि गावाचा दोष एकही काढू नका. तिच्याबरोबर बाजारात, बँकेत, शाळेत जा, ती लोकांशी कशी बोलते, काम कसं करून घेते ते बघा. तलाठ्याचा माणूस कधी भेटतो, कुठला कारकून मदत करतो, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. काम तिच्या पद्धतीने होऊ द्या.

शेवटी तुमचा प्रश्न, कायमचं परत यावं का. आत्ता ठरवू नका. मुलाचं दहावीचं वर्ष, साखर नुकती निघालेली, हिशेब अजून मांडलेला नाही. आणि मे महिन्याच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत तर मुळीच ठरवू नका. त्या दिवसांत घर भरलेलं असतं, आंबा असतो, आरत्या असतात, मुंबईचे सगळे आलेले असतात, गाव गोडच लागतो. पुढच्या वर्षीची रजा जुलैची मागा. तुमच्यातले कितीजण जुलैत हजार किलोमीटर गाडी चालवून ओमानच्या दक्षिणेला सलालाला जातात, खरीफची म्हणजे तिथल्या पावसाळ्याची भुरभुर आणि नारळीची झाडं बघायला. त्याऐवजी महिनाभर गुहागरला राहा. मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद, म्हणजे ताटात सुकट. वारा सुटला की वीज जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा तुमच्या बाजूच्या लोकांचा दवाखाना आणि बाजार दोन्ही तुटले होते, हे तुमच्या बायकोला विचारा. नव्या घराची स्लॅब कुठे गळते, जुन्या भिंतीला वाळवी कुठून चढते, ते तेव्हाच दिसतं. आणि त्या महिन्यात कामाचीही चौकशी करा. गुहागर, दापोली, हर्णै, गणपतीपुळे, सगळीकडे हॉटेलं आणि घरगुती निवास बांधले जात आहेत, आणि नीट प्लंबिंग करणारा, दिलेल्या दिवशी येणारा माणूस त्यांना मिळत नाही. तुमच्या हातात चौदा वर्षांचं काम आहे. पाच-सहा ठेकेदारांना भेटा, दर विचारा, वर्षाला किती महिने काम मिळेल ते विचारा, पावसाळ्यात काय करतात ते विचारा. तो आकडा घरखर्चाच्या आकड्याशेजारी मांडा. कमी पडत असेल तर आणखी किती वर्षं तिथे राहायचं ते दोघांनी मिळून ठरवा, आणि तो निर्णय मुलालाही सांगा, आता तो मोठा आहे.

जुलैच्या रजेचा अर्ज लवकर द्या, फोरमनला उन्हाळ्यात सोडायला कंपनी कुरकुरते. साखरेची पुढची तपासणी मात्र रजेपर्यंत थांबवू नका, ती या महिन्यातच तिथे करा.

तुमची ताई